वाचकांचे प्रश्न : हाड बांधणाऱ्या आणि हाड पोखरणाऱ्या पेशी

मागील अंकात हाडांच्या ठिसूळपणावर लेख आल्यानंतर बरीच पत्रे आली. आहार आणि व्यायामाविषयीचे बहुतेक प्रश्न पुढे कधीतरी घेऊ. या वेळी हाडांतील पेशींशी संबंध असलेले प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सांगाड्याचा पाठ चालू असताना एका मुलाने विचारले, की मोठ्या माणसांची उंची वाढायची थांबलेली असते, मग त्यांच्या हाडांत पेशी कशासाठी असतात? संदर्भ पुस्तकात पाहिले, तर ऑस्टिओब्लास्ट हाड तयार करतात आणि ऑस्टिओक्लास्ट ते मोडतात, एवढेच सापडले. शरीर स्वतःचेच चांगले हाड मोडून पुन्हा का बांधते, हे मलाही नीट सांगता आले नाही. (शिक्षिका, सातारा जिल्हा)

तुमच्या विद्यार्थ्याने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. हाड म्हणजे एकदा ओतला की झाला असा सिमेंटचा खांब, ही आपली समजूत बहुधा वाळलेली हाडे पाहून झालेली असावी. प्रयोगशाळेतल्या सांगाड्यात पेशी शिल्लक नसतात. शिल्लक असतो तो पेशींनी मागे ठेवलेला ऐवज. हा ऐवज मुख्यतः दोन गोष्टींचा असतो : कोलॅजेन या प्रथिनाचे चिवट तंतू आणि त्या तंतूंमध्ये बसलेले कॅल्शियम व फॉस्फेटचे अतिसूक्ष्म स्फटिक. तंतूंमुळे हाड थोडे लवू शकते, स्फटिकांमुळे ते ताठ राहते. कोंबडीच्या तंगडीचे हाड काही दिवस व्हिनेगारमध्ये बुडवून ठेवले, तर स्फटिक विरघळून जातात आणि उरलेले हाड रबरासारखे वाकते. हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा.

हा ऐवज सांभाळणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या आहेत. ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे अस्थिजनक पेशी, हाडाच्या पृष्ठभागावर एकमेकींना खेटून बसतात, आधी कोलॅजेनचा मऊ थर घालतात आणि मग त्यात क्षार बसवून घेतात. ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे अस्थिभंजक पेशी, आकाराने दांडग्या असतात; अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळून त्या बनत असल्यामुळे एकेका पेशीत पाच ते वीस, कधी त्याहूनही अधिक केंद्रके आढळतात. तिसरा प्रकार पुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकला जातो, तो ऑस्टिओसाइट किंवा अस्थिपेशींचा. थर घालता घालता काही ऑस्टिओब्लास्ट स्वतःच त्या थरात गाडल्या जातात, त्यांना लांब शाखा फुटतात आणि त्या शाखा सूक्ष्म नळ्यांमधून शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचतात. प्रौढ माणसाच्या हाडातील ९० टक्क्यांहून अधिक पेशी या गाडल्या गेलेल्या प्रकारच्या असतात, आणि त्यांतील काही दशकानुदशके जगतात.

जाता जाता नावांविषयी सांगायला हवे, कारण वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवताना दर वर्षी काही उत्तरपत्रिकांत या दोन नावांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. ‘ब्लास्ट’ म्हटले की मुलांना सुरुंगाचा स्फोट आठवतो आणि ती पेशी मोडणारी वाटते. ग्रीक भाषेत मात्र त्या शब्दाचा अर्थ अंकुर असा आहे, आणि ‘क्लास्ट’ हा शब्द मोडण्याच्या क्रियेवरून आला आहे. अंकुर म्हणजे ब्लास्ट एवढे लक्षात ठेवले, की गोंधळ होत नाही.

आता मोडण्याच्या कारणाकडे वळू. रोजच्या चालण्या-उतरण्याने हाडात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडत असतात. लोखंडी पुलाला अशा चिरा पडल्या तर त्या वाढतच जातात. हाड मात्र चीर पडलेला भाग काढून टाकून तेथे नवा भाग घालते. दुसरे असे, की प्रौढ माणसाच्या शरीरातील सुमारे एक किलो कॅल्शियमपैकी ९९ टक्के हाडांत आणि दातांत साठवलेले असते. हृदयाच्या ठोक्यांसाठी, स्नायूंच्या आकुंचनासाठी आणि मज्जातंतूंच्या कामासाठी रक्तातील कॅल्शियम एका अरुंद मर्यादेत राहावे लागते. ते कमी पडू लागले, की हाडातून उचल घेतली जाते. तिसरे कारण आकाराचे. बाळाचे मांडीचे हाड केवळ बाहेरून थर चढून जाड होत गेले असते, तर ते आतून भरीव आणि भलतेच जड झाले असते. बाहेर थर चढत असताना आतून हाड काढले जाते, म्हणूनच त्यात मज्जेसाठी पोकळी राहते.

हे सारे माणसाला कसे कळले, याची कथा वर्गात सांगण्याजोगी आहे. जॉन बेल्चियर हे लंडनमधील शल्यविशारद कापडावर नक्षी छापणाऱ्या एका कारखानदाराकडे जेवायला गेले असता, पानात वाढलेल्या डुकराच्या मांसातील हाडे त्यांना लाल दिसली. चौकशी केल्यावर समजले, की कापड रंगवण्यासाठी मंजिष्ठेच्या जातीच्या एका युरोपीय वनस्पतीची मुळे वापरली जात, आणि त्या रंगात भिजलेला कोंडा डुकरांना खाऊ घातला जाई. बेल्चियर यांनी हे निरीक्षण १७३६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर फ्रान्समध्ये दुहामेल द्यु मोन्सो यांनी जनावरांना काही काळ हा रंग खाऊ घातला, काही काळ थांबवला आणि पुन्हा सुरू केला. हाडात लाल आणि पांढऱ्या थरांचे पट्टे उमटले. ज्या काळात रंग पोटात गेला त्या काळात तयार झालेले हाडच लाल होते, हे त्यातून स्पष्ट झाले. आजही हाड बनण्याचा वेग मोजायचा असेल, तर रुग्णाला टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक काही दिवसांच्या अंतराने दोनदा देतात आणि हाडाच्या नमुन्यात चमकणाऱ्या दोन रेषांमधले अंतर मोजतात. युक्ती तीच, फक्त मंजिष्ठेच्या जागी औषध आले.

एका ठिकाणी ऑस्टिओक्लास्ट साधारण तीन आठवडे पोखरतात, आणि तेवढाच खळगा भरून काढायला ऑस्टिओब्लास्टना तीन-चार महिने लागतात. अशी डागडुजी सांगाड्यात असंख्य ठिकाणी एकाच वेळी चालू असते आणि प्रौढ वयात दर वर्षी सुमारे १० टक्के हाड नवे होते. मोडायला दिवस थोडे आणि बांधायला फार, ही तफावत ध्यानात ठेवावी. पुढील एका उत्तरात तिचा संबंध येणार आहे. विद्यार्थ्याला एवढे सांगता येईल, की मोठ्या माणसाची उंची वाढत नसली तरी त्याच्या अंगातील बरेचसे हाड त्याच्या दहावीच्या निकालाच्या वेळी अस्तित्वातच नव्हते.

प्रश्न : ठिसूळपणाला ऑस्टिओक्लास्ट जबाबदार असतील, तर या पेशी मुळातच नसत्या तर माणसाची हाडे पोलादासारखी झाली नसती का? (मडगाव, गोवा)

निसर्गात असे घडते आणि त्याचा परिणाम भयंकर असतो. हाम्बुर्ग येथील क्ष-किरणतज्ज्ञ आल्बर्स-शोनबर्ग यांनी १९०४ मध्ये एका रुग्णाच्या हाडांचे वर्णन केले. क्ष-किरण चित्रात ही हाडे कमालीची दाट आणि पांढरी दिसत होती. या विकाराला ऑस्टिओपेट्रोसिस म्हणतात. ‘संगमरवरी हाडांचा रोग’ असेही त्याचे एक नाव आहे. अशी हाडे दाट असूनही खडूसारखी मोडतात, कारण जुना, चिरा पडलेला भाग त्यांतून कधी काढलाच जात नाही. तान्ह्या मुलांमधील तीव्र प्रकारात मज्जेला जागा उरत नाही, त्यामुळे रक्त तयार होत नाही; कवटीतील छिद्रे रुंदावत नाहीत, त्यामुळे डोळ्यांकडे जाणारे मज्जातंतू आवळले जाऊन दृष्टी जाते. मागील लेख वाचून अनेकांनी ऑस्टिओक्लास्टला खलनायक ठरवलेले दिसते, तेव्हा तिची बाजूही मांडायला हवी.

ती काम कशी करते, हे पाहण्यासारखे आहे. हाडाच्या पृष्ठभागावर ती कडेने घट्ट चिकटते आणि स्वतःच्या पोटाखाली एक बंदिस्त जागा तयार करते. त्या जागेकडचा तिचा पडदा असंख्य घड्यांचा असतो. त्यातून ती आम्ल सोडते, आणि खालच्या जागेचा सामू सुमारे ४.५ पर्यंत उतरतो. आम्लाने स्फटिक विरघळतात; उघडे पडलेले कोलॅजेनचे तंतू कॅथेप्सिन-के नावाचे विकर तोडते. चिकटण्याची कड थोडी जरी सैल राहिली, तरी आम्ल बाहेर पाझरेल. हे काम आंधळ्या विध्वंसाचे खचितच नाही.

या पेशीचे कूळही निराळे आहे. ऑस्टिओब्लास्ट ज्या मूळ पेशींपासून होतात, त्यांच्यापासून कूर्चा आणि चरबीही तयार होते. ऑस्टिओक्लास्ट मात्र रक्ताच्या कुळातील, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या भावकीतील आहे. याचा सर्वांत सुंदर पुरावा वर सांगितलेल्या रोगाच्या उपचारातूनच मिळाला. १९८० मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी ऑस्टिओपेट्रोसिस असलेल्या, जेमतेम काही महिन्यांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिच्या हाडांत मज्जेच्या पोकळ्या तयार होऊ लागल्या. तपासणीत तिच्या ऑस्टिओक्लास्ट पेशींमध्ये पुरुषाचे वाय गुणसूत्र आढळले, ऑस्टिओब्लास्ट मात्र तिच्या स्वतःच्याच होत्या. पोखरणाऱ्या पेशी भावाच्या आणि बांधणाऱ्या बहिणीच्या, अशी ती हाडे झाली होती.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि दीड वर्षापूर्वी तिला पाळी सुरू झाली. तिची उंची १५१ सेंटिमीटर आहे. हाडांच्या पेशी जागृत करून उंची वाढवणारी एक पावडर बाजारात मिळते. ती द्यावी का? (छत्रपती संभाजीनगर)

देऊ नये. उंची वाढवण्याचे काम ज्या पेशी करतात, त्या हाडाच्या नसून कूर्चेच्या असतात. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक चकती असते, तिला वृद्धिपट्ट म्हणू. तेथील पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रांगा करून विभागतात, फुगतात आणि मरतात. त्यांनी मागे ठेवलेल्या चौकटीत रक्तवाहिन्या शिरतात, ऑस्टिओक्लास्टसारख्या पेशी जागा मोकळी करतात आणि ऑस्टिओब्लास्ट हाड घालतात. वाढ टोकांनाच होते, हे इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७२७ सालीच दाखवले होते. त्यांनी कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडाला दोन भोके पाडली. पुढे हाड चांगले लांब झाले, पण दोन भोकांमधले अंतर तेवढेच राहिले.

मुलींमध्ये पाळी सुरू झाल्यानंतर वाढीचा वेग झपाट्याने मंदावतो, आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली वृद्धिपट्ट हळूहळू हाडात रूपांतरित होऊन मिटतो. मुलांमध्येही तो मिटवणारे संप्रेरक इस्ट्रोजेनच असते, हे फार उशिरा उमगले. १९९४ मध्ये अमेरिकेतील २८ वर्षांच्या एका पुरुषाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेश ओळखता येत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि वृद्धिपट्ट तेव्हाही उघडेच होते. त्याच्या हाडांची घनता मात्र फार कमी होती.

मिटलेला पट्ट कोणतीही पावडर उघडू शकत नाही, आणि उघडा असलेला पट्ट पावडरीवाचून आपले काम करतोच. मुलीच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र पाहून किती वाढ शिल्लक आहे, याचा अंदाज बालरोगतज्ज्ञ देऊ शकतील. आई-वडिलांची उंची बेताची असेल, तर १५१ सेंटिमीटरमध्ये काळजीचे काहीच नाही, असे माझे मत आहे. तिला पावडरीपेक्षा मैदानावर खेळायला वेळ द्यावा, कारण तिची उंची ठरत आली असली तरी हाडांची घनता पुढील दहा-बारा वर्षे वाढणार आहे.

प्रश्न : दातांना तारा लावल्यावर घट्ट हाडात रुतलेला दात सरकतो तरी कसा? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे)

दात हाडातून वाट कापत जात नाही, हाडच त्याला वाट करून देते. दाताच्या मुळाभोवती तंतूंचे पातळ अस्तर असते. तारेच्या ओढीने ज्या बाजूला हे अस्तर दाबले जाते, त्या बाजूला ऑस्टिओक्लास्ट जमून हाड काढतात. ज्या बाजूला ते ताणले जाते, त्या बाजूला ऑस्टिओब्लास्ट नवे हाड भरतात. म्हणून ओढ सौम्य आणि सतत असावी लागते, आणि उपचाराला महिनोन्‌महिने लागतात. तारा निघाल्यावर दात जागीच राहावेत म्हणून दिलेली पट्टी कंटाळा न करता वापरावी, कारण ताणलेले तंतू दाताला मूळ जागी ओढू पाहतात.

प्रश्न : माझे वय ६१ आहे. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण प्रौढांच्या सरासरी घनतेशी केलेली तुलना) उणे २.८ आला. डॉक्टरांनी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे डेनोसुमॅब हे इंजेक्शन सुरू केले. तीन इंजेक्शने झाली आहेत, मला काही त्रास नाही आणि खर्च परवडत नाही. आता ते बंद करून केवळ कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या तर चालेल का? (नाशिक)

ताई, स्वतःच्या मनाने हे इंजेक्शन बंद करू नका, आणि पुढच्या इंजेक्शनची तारीखही लांबवू नका. खर्चाची अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, त्यावर मार्ग आहे. असे निक्षून का सांगतो आहे, ते समजावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ऑस्टिओक्लास्ट आपण होऊन तयार होत नाही. रक्ताच्या कुळातील पूर्वपेशींनी एकत्र येऊन ही पेशी बनवावी, यासाठी त्यांना निरोप जावा लागतो. रँक-लायगंड नावाचे एक प्रथिन हा निरोप असते. गमतीचा भाग असा, की तो पाठवणाऱ्या पेशी हाड बांधणाऱ्यांच्याच कुळातील असतात. ऑस्टिओब्लास्ट आणि विशेषतः हाडात गाडलेल्या ऑस्टिओसाइट. म्हणजे पोखरणारी पेशी बांधणाऱ्यांच्या बोलावण्यावरूनच येते. त्याच कुळातील पेशी ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरे प्रथिनही सोडतात. ते निरोपाला वाटेतच गाठून निकामी करते. याचा शोध १९९७ मध्ये लागला. किती निरोप जातात आणि किती वाटेत अडवले जातात, यावर हाड किती पोखरले जाईल ते ठरते.

रजोनिवृत्तीपूर्वी इस्ट्रोजेन हे प्रमाण आवाक्यात ठेवते. ते घटले की निरोप वाढतात, ऑस्टिओक्लास्ट अधिक संख्येने तयार होतात आणि अधिक काळ टिकतात. ऑस्टिओब्लास्टही काम वाढवतात, पण पहिल्या उत्तरात सांगितलेली तफावत येथे नडते. तीन आठवड्यांत पोखरलेला खळगा भरायला तीन-चार महिने लागत असताना खळग्यांची संख्या वाढली, तर प्रत्येक फेरीत थोडी तूट राहत जाते. मणक्यांच्या आतील जाळीदार हाडात उलाढाल सर्वांत जास्त असते, म्हणून तूटही तेथे आधी दिसते. हे सारे घडताना काहीही दुखत नाही. ‘मला काही त्रास नाही’ या वाक्यावर म्हणूनच विसंबता येत नाही.

डेनोसुमॅब ही प्रतिपिंडाची, म्हणजे ठरावीक रेणूला पकडणाऱ्या प्रथिनाची, टोचणी आहे; ती लस नाही. ऑस्टिओप्रोटेजेरिनप्रमाणे ती रँक-लायगंडला पकडून ठेवते आणि निरोप पोहोचू देत नाही. तिचा प्रभाव साधारण सहा महिने राहतो आणि नंतर झपाट्याने ओसरतो. तुंबलेले निरोप मग एकदम पोहोचतात आणि पोखरण पूर्वीपेक्षाही जोराने सुरू होते. इंजेक्शन अचानक थांबवलेल्या काही रुग्णांमध्ये थोड्याच महिन्यांत एकापेक्षा अधिक मणके दबल्याचे आढळले आहे. याचे एक संभाव्य कारण २०२१ मध्ये उंदरांवरील संशोधनातून पुढे आले. ऑस्टिओक्लास्ट नेहमी मरून जात नाही, तर तिचे लहान तुकड्यांत विभाजन होते आणि ते तुकडे पुन्हा एकत्र येऊन नवी ऑस्टिओक्लास्ट बनवू शकतात, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांना दिसले. रँक-लायगंड अडवला की हे तुकडे साचून राहतात.

बिस्फॉस्फोनेट गटातील औषधांची रीत वेगळी आहे. ती हाडाच्या स्फटिकांनाच चिकटून बसतात. ऑस्टिओक्लास्टने तो भाग पोखरला की तिच्या पोटात जातात आणि तिला निकामी करतात. हाडात ती दीर्घकाळ राहत असल्यामुळे त्यांचा प्रभाव सावकाश उतरतो. म्हणून डेनोसुमॅब थांबवायचे ठरलेच, तर त्यानंतर या गटातील औषध देण्याची पद्धत आहे. त्यांतील आठवड्यातून एकदा घ्यायची अलेन्ड्रोनेटची गोळी बरीच स्वस्त असते. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नसते. तुमच्यासाठी हा बदल योग्य आहे का, हे मूत्रपिंडाची आणि इतर तपासणी पाहून डॉक्टरच ठरवतील. दात काढायचा असेल, तर दोन्ही प्रकारच्या औषधांबद्दल दंतवैद्यांना आधी सांगावे.

राहिला कॅल्शियमचा प्रश्न. कॅल्शियम म्हणजे विटा, त्या हव्यातच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दूध, ताक, तीळ यांतूनही ते मिळते, आणि आतड्यातून शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. पण अंगणात विटांचा ढीग रचल्याने पाडकाम थांबत नाही. औषधाच्या जोडीला गोळ्या घ्याव्यात, औषधाच्या जागी नव्हे.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी नियमाने पोहतो. हाडांसाठी एवढा व्यायाम पुरेसा आहे का? (नागपूर)

हृदयासाठी आणि सांध्यांसाठी उत्तम, हाडांसाठी अपुरा. हाडात गाडलेल्या ज्या ऑस्टिओसाइटचा उल्लेख आला, त्या हाडावरील भार ओळखणाऱ्या पेशी आहेत. पाऊल आपटले की हाड किंचित लवते, सूक्ष्म नळ्यांतील द्रव हलतो आणि तो हलल्याचे या पेशींना कळते. भार पडत नसेल, तर त्या स्क्लेरोस्टिन हे प्रथिन अधिक सोडतात आणि ते ऑस्टिओब्लास्टना आवर घालते. पाण्यात शरीराचे वजन पेलले जाते, त्यामुळे हाडांना धक्का बसत नाही. अंतराळवीरांना तर वजनच नसते. नितंबाजवळच्या हाडांची घनता ते महिन्याला एक ते दीड टक्क्याने गमावतात. याउलट, लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांचा रॅकेट धरणारा हात क्ष-किरण चित्रातही दुसऱ्यापेक्षा जाड दिसतो.

स्क्लेरोस्टिनचा शोध दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या काही कुटुंबांमुळे लागला. हे प्रथिन जन्मतःच नसल्यामुळे त्यांची हाडे विलक्षण जाड आणि मजबूत असतात, पण कवटीच्या जाडीने मज्जातंतू आवळले जाऊन त्यांना बहिरेपणा किंवा चेहऱ्याचा पक्षाघात होतो. त्यास जबाबदार जनुक २००१ मध्ये सापडले, आणि स्क्लेरोस्टिनला अडवणाऱ्या रोमोसोझुमॅब या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तुम्हाला त्याची गरज नाही. पोहणे चालू ठेवून त्याला भरभर चालण्याची, जिने चढण्याची आणि झेपेल तेवढे वजन उचलण्याची जोड द्यावी.

प्रश्न : बाळ आईच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेते, म्हणून सुनेने सहा महिन्यांनंतर अंगावर पाजू नये, असे शेजारच्या बाई सांगतात. हे खरे आहे का? (रत्नागिरी)

पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. दुधावाटे रोज दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाते, आणि त्यासाठी आईच्या ऑस्टिओक्लास्ट अधिक काम करतात. काही प्रमाणात ऑस्टिओसाइटही आपल्या भोवतालच्या भिंती कोरतात. पहिल्या सहा महिन्यांत मणक्यांची घनता काही टक्क्यांनी उतरते. परंतु दूध तुटल्यानंतर ही तूट साधारण वर्षभरात भरून निघते, आणि अंगावर पाजलेल्या स्त्रियांची हाडे उतारवयात त्यामुळे अधिक मोडतात, असे दिसून आलेले नाही. सुनेला हवे तितके दिवस पाजू द्यावे. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू द्यावेत, त्यासोबत दूध, नाचणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही असू द्याव्यात.

प्रश्न : सात वर्षांच्या नातवाचे मनगटाजवळचे हाड मोडले होते. प्लास्टर काढले तेव्हा हाड किंचित वाकडे जुळलेले दिसले आणि तेथे गाठ लागते. पुन्हा मोडून बसवावे का? आणि जुळलेले हाड पूर्वीपेक्षा मजबूत होते, हे खरे का? (कोल्हापूर)

हाड मोडल्यावर त्या जागी रक्त साकळते, त्यात कूर्चेचा मऊ सांधा तयार होतो आणि काही आठवड्यांत ऑस्टिओब्लास्ट त्याचे हाड करतात. हे हाड घाईघाईने, वेड्यावाकड्या विणीचे आणि गरजेपेक्षा जास्त घातलेले असते. तुमच्या हाताला लागते ती गाठ तीच. काही काळ ती जागा शेजारच्या हाडापेक्षा जाड असते, त्यावरून मजबुतीची समजूत आली असावी. पण प्लास्टरमध्ये भार न पडल्यामुळे आजूबाजूचे हाड तेवढ्या दिवसांत विरळ झालेले असते, तेव्हा पहिले काही आठवडे झाडावर चढणे आणि सायकलच्या शर्यती बंद ठेवाव्यात.

वाकडेपणाबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांनी चित्र पाहून निर्णय द्यावा. परंतु सातव्या वर्षी, वृद्धिपट्टाच्या इतक्या जवळ आणि सांधा वाकण्याच्या दिशेतच असलेला थोडा बाक बहुतेक वेळा आपोआप सरळ होतो. बाकाच्या आतल्या बाजूला, जेथे दाब पडतो, तेथे ऑस्टिओब्लास्ट भर घालतात. बाहेरच्या बाजूला ऑस्टिओक्लास्ट तासतात. आणि टोकाकडची वाढही दिशा सुधारून घेते. हाड पिळले गेले असेल, तर मात्र ते असे सुधारत नाही, म्हणून तपासणी टाळू नये. दोनेक वर्षांनी याच मनगटाचे क्ष-किरण चित्र काढले, तर हाड नेमके कोठे मोडले होते, ते पाहणाऱ्याला बहुधा शोधावे लागेल.